फुंकणी

ओरिन ट्रेगॉनिंगनं चौसष्टाव्या वर्षी दारू सोडली
आणि दारूच धरली.
काळी, दाणेदार, डब्यात कोरडी राहणारी.
ज्या फळीवर बाटल्या होत्या तिथं तराजू आला.
मॉन्टानात, ज्युडिथ नदीच्या वरच्या अंगाला,
जिथं शेजार म्हणजे चार मैलांवरचा एक दिवा.

रायफल वाडवडिलांची वगैरे नव्हती,
पेन्शन साठवून घेतलेली,
एका वेळी एकच गोळी खाणारी,
करंगळी सहज आत जाईल एवढं तोंड.
"बडबड्या माणसाचं काम नाही हे," तो म्हणायचा,
आणि मग तासभर बोलायचा.

वही मी लिहायचे. मी वेल्डा, त्याची धाकटी,
स्पोकेनहून दोन बॅगा घेऊन परतलेली.
का, ते त्यानं विचारलं नाही.
तारीख. वारा. दारू किती, किती दाबली.
शिशात कथील किती: विसास एक, मग तिसास एक.
वंगणाला मेंढीची चरबी, की नुसतं मेण.
सोनार गुंज तोलतो तसा तो तोलायचा,
चिमटीतून एकेक दाणा सोडत,
काटा थरथरायचा थांबेपर्यंत.
मग हातभर लांब पितळी नळीतून
पुंगळीत ओतायचा, सावकाश.
घाईनं ओतलेली दारू पोकळ बसते,
सावकाश ओतलेली अंग चोरून बसते.
तेव्हा मला वाटलं, हे दारूबद्दलच आहे.

मेमध्ये पाच गोळ्यांची भोकं ताटाएवढ्या जागेत.
जूनमध्ये बशीएवढ्या.
जुलैच्या एका बिनवाऱ्याच्या संध्याकाळी
वाटीच्या तोंडात पाचही.
तो काही बोलला नाही,
बादलीत पुंगळ्या धूत बसला,
पाणी शाईसारखं होईपर्यंत.

आणि ऑगस्टात सगळं विस्कटलं.
पहिल्या दोन एकीला एक लागून,
तिसरी वर, चौथी रानात.
त्यानं दारूचा डबा बदलला,
पुठ्ठ्याची चकती काकणभर जाड केली,
शिसं पुन्हा वितळवलं, साच्याला शिव्या दिल्या.
रात्री दिव्याखाली वही उलटसुलट वाचली.
सगळे रकाने भरलेले होते.

काळी दारू जळताना नळीत काजळी ठेवते.
काजळी वाळली की पुढची गोळी बिथरते.
म्हणून प्रत्येक बारानंतर फुंकणी:
मागून लावायची, तीन लांब श्वास सोडायचे,
श्वासाच्या ओलीनं काजळी मऊ राहते.
मी दुर्बिणीतून नेहमी लक्ष्याकडं बघायचे.
त्या दिवशी त्याच्याकडं बघितलं.

एक श्वास.
दुसरा, अर्ध्यावर मोडलेला.
मग खोकला, पाठ माझ्याकडं करून,
मग घाईघाईनं पुंगळी आत सारून ठोकळा बंद.
ब्यूटच्या तांब्याखाली एकतीस वर्षं.
तिथली धूळ कुणी तोलली नव्हती,
वहीत श्वासाचा रकाना नव्हता.

"दे इकडं," मी म्हटलं,
"नुसतं लिहून कंटाळा आलाय."
त्यानं फुंकणी लगेच सोडली नाही.
क्षणभर दोघांच्या मुठी तिच्यावर.
मग वाऱ्याकडं बघतोय असं दाखवून
त्यानं हात सैल केला.

तोंडात सडक्या अंड्याची चव, मीठ, चरबी.
पलीकडच्या टोकातून धूर निघाला,
थंडीत गुरांच्या नाकातून निघतो तसा.
तीन. पूर्ण.
त्यानं चाप ओढला. पांढरा ढग. काही दिसेना.
पाचशे यार्डांवरचा लोखंडी मेंढा
आधी पडला असणार, आवाज मागून आला,
कुणी लांब कुठं ताट आपटावं तसा.

संध्याकाळी वही त्यानं स्वतः मागितली.
त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं:
दारू तीच. चकती जुनी. वारा डावीकडून.
आणि खाली, नवी रेघ ओढून,
श्वास: वेल्डा.

चौथी तरीही थोडी वर गेली होती.
माझ्या फुंकण्यामुळं की त्याच्या खांद्यामुळं,
यावर आम्ही जेवण होईपर्यंत भांडलो.
माझे ओठ काळे होते, हे मला
भांडी घासताना कळलं.